नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाविषयी : मत, साक्ष आणि उत्तरदायित्व

१

‘सध्या काय वाचता आहात?’ हा प्रश्न वाङ्मयाशी संबंध असणाऱ्या माणसांत क्षेमकुशल विचारण्याइतका रूढ झालेला आहे. त्याला मिळणारे उत्तरही बहुधा ठरावीक असते. एकदोन पुस्तकांची नावे, आणि प्रत्येकाविषयी एखादे वाक्य : ‘चांगले आहे’, ‘फारसे जमलेले नाही’, ‘अवश्य वाचा’, ‘नाही वाचलेत तरी चालेल’. अशा वाक्यांना आपण समीक्षा म्हणत नाही. समीक्षेच्या इतिहासात त्यांची नोंद होत नाही आणि त्यांच्याकडून कोणी सिद्धान्ताची अपेक्षाही करीत नाही. असे असूनही कोणते पुस्तक हातोहात जाते, कोणते कपाटात पडून राहते, कोणते अभ्यासक्रमात येते आणि कोणते कोणाच्याच बोलण्यात न आल्यामुळे नाहीसे होते, हे ठरण्यात या तोंडी अभिप्रायांचा वाटा मोठा असतो.

प्रस्तुत लेखातील प्रश्न सौंदर्यशास्त्रीय असण्यापेक्षा नैतिक अधिक आहे. नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाविषयी आपण दुसऱ्याला मत सांगतो तेव्हा नेमके काय करीत असतो? आणि ते करताना आपण कोणाकोणाला उत्तर देणे लागतो : पुस्तकाला, लेखकाला, ऐकणाऱ्याला, की केवळ स्वतःला? ‘मत सांगण्याचा अधिकार सर्वांना आहे’ एवढे म्हणून हा प्रश्न संपत नाही. अधिकार मान्य केल्यानंतरच त्या अधिकाराच्या वापराचा प्रश्न उपस्थित होतो.

२

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे प्रथम विचारात घेऊ.

पहिले उत्तर असे की, पुस्तकाविषयीचे मत ही केवळ एक आवड असते. एखाद्याला कारले आवडते, एखाद्याला आवडत नाही. तसेच एखाद्याला ‘कोसला’ आवडते, एखाद्याला आवडत नाही. आवडीला समर्थनाची गरज नसते, म्हणून तिच्याबाबत उत्तरदायित्वही संभवत नाही. हे उत्तर उदार वाटते, परंतु आपल्या प्रत्यक्ष वागण्याशी ते जुळत नाही. कारले न आवडणाऱ्याशी आपण वाद घालत बसत नाही. ‘कोसला’ कंटाळवाणी आहे असे म्हणणाऱ्याशी मात्र घालतो. ‘कुठे कंटाळा आला?’ असे विचारतो, ‘तो कंटाळा कादंबरीचा की कादंबरीतल्या जगण्याचा?’ असा भेद करून पाहतो. कांटने १७९० मध्ये याच भेदाकडे लक्ष वेधले होते. सुखद वाटणाऱ्या गोष्टीविषयी बोलताना ‘मला’ हा शब्द जोडण्यास माणूस सहज तयार होतो. सुंदर म्हटलेल्या गोष्टीविषयी बोलताना मात्र तो इतरांच्या संमतीची अपेक्षा धरतो, आणि ती अपेक्षा कोणत्याही नियमाने सिद्ध करता येत नाही हेही त्याला ठाऊक असते. रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथामुळे हे विवेचन मराठीच्या अभ्यासकांना चांगलेच परिचित झालेले आहे. येथे त्यातील एवढाच मुद्दा आपल्या उपयोगाचा आहे की, पुस्तकाविषयीचे मत ऐकणाऱ्याकडून काहीतरी मागत असते. जो मागतो तो देणेही लागतो.

दुसरे उत्तर याच्या विरुद्ध टोकाचे आहे. पुस्तकाविषयीचे मत हा निवाडा आहे. म्हणून निवाडा देण्याची पात्रता असलेल्यानेच तो द्यावा. ह्यूमने १७५७ मध्ये अभिरुचीच्या निकषाचा शोध घेताना अशा पात्रतेची अंगे सांगितली : जाणत्या बुद्धीची शक्ती, सूक्ष्म संवेदनक्षमता, सराव, तुलना आणि पूर्वग्रहांपासून मुक्तता. ही यादी अवास्तव नाही. परंतु ती तंतोतंत लावली तर नुकतेच पुस्तक मिटलेल्या वाचकाने गप्प बसणेच इष्ट ठरेल, कारण तुलनेला आणि पूर्वग्रहांच्या निरसनाला जो अवधी लागतो तो त्याला अद्याप मिळालेला नसतो.

याच निबंधात ह्यूमने ‘डॉन किहोटे’मधील सांचोच्या नातलगांची गोष्ट वापरली आहे. एका पिंपातील मद्य चाखून एकाने म्हटले, याला किंचित चामड्याची चव आहे. दुसऱ्याने म्हटले, लोखंडाची आहे. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली सापडली. ह्यूमला या गोष्टीतून रसनेची सूक्ष्मता दाखवायची होती. आपल्याला तीतून आणखी दोन गोष्टी घेता येतात. एक, दोघांची मते वेगळी होती आणि दोन्ही खरी होती. प्रत्येकाला जे जाणवले ते त्याने सांगितले, न जाणवलेले सांगितले नाही. दोन, पुस्तकाचे पिंप कधीच रिकामे होत नाही. तळाशी काय आहे हे दाखवून वाद मिटवण्याची सोय वाङ्मयात नाही. पुन्हा चाखणे, म्हणजे पुन्हा वाचणे, एवढाच उपाय तेथे असतो. अंतिम निवाड्याची भाषा म्हणूनच पुस्तकाच्या बाबतीत फसवी ठरते.

३

आवड आणि निवाडा यांच्या मध्ये तिसरी एक कोटी आहे. तिला ‘साक्ष’ म्हणावे असे मला वाटते. नुकतेच पुस्तक वाचलेला माणूस न्यायाधीश नसतो, साक्षीदार असतो. तो एका घटनेच्या वेळी हजर होता. ती घटना म्हणजे ते वाचन. ऐकणारा तेथे हजर नव्हता. त्यामुळे काय घडले हे त्याला या साक्षीदाराकडूनच कळायचे आहे.

साक्षीची कल्पना स्वीकारली की ‘नुकतेच’ या शब्दाचे महत्त्वही वेगळे दिसू लागते. वाचनानंतर लगेच दिलेले मत अपक्व असते, असे आपण धरून चालतो. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या सात विघ्नांत स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे एक विघ्न गणले आहे. घरात आजारपण चालू असताना वाचलेली मृत्यूविषयीची कादंबरी आणि स्वस्थ मनाने वाचलेली तीच कादंबरी यांत फरक पडणारच. या अर्थाने ताजे मत संशयास्पद असते हे खरे आहे. परंतु जुन्या झालेल्या मताला दुसरा रोग जडतो. मधल्या काळात आपण त्या पुस्तकावरची परीक्षणे वाचलेली असतात, चर्चासत्रे ऐकलेली असतात, पुरस्काराची बातमी आलेली असते. आणि स्वतःला काय जाणवले होते याची आठवण इतरांच्या वाक्यांनी झाकून गेलेली असते. न्यायालयातही घटनेनंतर लवकर नोंदवलेल्या जबाबाला मोल असते ते याचसाठी. तो परिपूर्ण असतो म्हणून त्याला मोल येते असे नाही. त्यात मागाहूनची भर पडायला वेळ मिळालेला नसतो म्हणून येते.

तेव्हा ताज्या मताने परिपक्वतेचा आव आणू नये आणि परिपक्व मताने प्रत्यक्षतेचा आव आणू नये. दोन्ही मतांना आपापली जागा आहे. गोंधळ होतो तो एकाने दुसऱ्याचा वेष घेतला म्हणजे.

४

साक्षीदाराच्या पात्रतेचा विचार आपल्या परंपरेत सौंदर्यशास्त्रापेक्षा प्रमाणशास्त्रात अधिक नेमकेपणाने झालेला आहे. न्यायदर्शनाने आप्ताच्या शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानले. आप्त कोणाला म्हणावे, याचा खुलासा वात्स्यायनाच्या भाष्यात आहे. ज्याला वस्तूचे साक्षात ज्ञान आहे आणि जसे पाहिले तसे सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू पडते, असेही तो स्पष्ट करतो. म्हणजे आप्तत्व कुळावर, पदावर किंवा पांडित्यावर अवलंबून नाही. ते प्रत्यक्षतेवर आणि सांगण्यातील सचोटीवर अवलंबून आहे.

या लक्षणातून पुस्तकाविषयी बोलणाऱ्याची तीन कर्तव्ये निष्पन्न होतात.

पहिले कर्तव्य प्रत्यक्षतेचे. जे वाचले त्याविषयीच साक्ष द्यावी. हे इतके उघड आहे की सांगायची गरज वाटू नये. पण वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना ते सर्वांत कठीण जाते. पदव्युत्तर परीक्षेच्या तयारीत शंभर पुस्तकांविषयी मते पाठ होतात आणि दहा पुस्तके वाचली जातात. उरलेल्या नव्वद पुस्तकांविषयीची मते उसनी असतात, आणि उसनी मते स्वतःच्या मतांपेक्षा अधिक ठाम असतात, कारण त्यांना अनुभवाने पाडलेल्या भेगा नसतात. पिएर बायार या फ्रेंच समीक्षकाने २००७ मध्ये न वाचलेल्या पुस्तकांविषयी कसे बोलावे यावर एक ग्रंथच लिहिला. पुस्तकांच्या परस्परसंबंधांचे भान असणे हेही एक ज्ञान आहे, हा त्याचा मुद्दा विनोदाखाली दडलेला असला तरी गंभीर आहे. एखादे पुस्तक परंपरेत कुठे बसते हे ते न वाचताही सांगता येते, हे मान्य करण्यास हरकत नाही. मात्र ते सांगणे ही त्या पुस्तकाविषयीची साक्ष नव्हे. ती ऐकीव माहिती आहे आणि ऐकीव म्हणूनच ती सांगितली गेली पाहिजे.

दुसरे कर्तव्य स्थानाचे. आपण कोठून पाहिले हे साक्षीदाराने सांगितले पाहिजे. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले तेव्हा ‘असे जग आपल्या शेजारी आहे हे ठाऊकच नव्हते’ अशा स्वरूपाची प्रतिक्रिया पांढरपेशा वाचकवर्गात उमटली. हे वाक्य पुस्तकाविषयी जेवढे सांगते त्याहून अधिक ते वाचणारा कोठे उभा होता हे सांगते. ज्याने ते जग भोगले होते त्याच्या दृष्टीने त्या पुस्तकातील नावीन्य जगाचे नव्हते, ते उच्चारण्याच्या धैर्याचे होते; आणि काहींना तर ते उच्चारणेच नकोसे वाटले असेल. या मतांपैकी एक खरे आणि दुसरे खोटे असे नाही. पण बोलणाऱ्याने आपले स्थान लपवले की स्थानिक मत सार्वत्रिक असल्याचा भास निर्माण होतो. लंडनच्या ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’मध्ये १९७४ पर्यंत परीक्षणांखाली परीक्षकाचे नाव नसे. निनावीपणामुळे भीड टळते, हे त्याचे समर्थन विचारार्ह आहे. परंतु त्यामुळे एका माणसाचे मत एका संस्थेच्या आवाजात बोलू लागते, हेही तेवढेच खरे.

तिसरे कर्तव्य उलटतपासणीला उभे राहण्याचे. ‘असे का म्हणता?’ या प्रश्नाला उत्तर देण्याची तयारी नसेल तर ती साक्ष राहत नाही, घोषणा होते.

येथे एक आक्षेप संभवतो. साक्ष तथ्याविषयी असते, तर पुस्तकाविषयीचे मत मूल्याविषयी असते. मूल्याची साक्ष कशी देणार? आक्षेप रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरातूनच या लेखातील मध्यवर्ती निकष हाती येतो. मूल्याची साक्ष देता येत नाही. पण मूल्यनिर्णय ज्यावर उभा राहतो त्याची देता येते. पुस्तकात काय आहे, कोणत्या ठिकाणी ते आपल्याला भिडले, कुठे हात आखडला, कोणते पान उलटण्याची इच्छा झाली नाही, हे सांगता येते. हे सांगितल्यावर ऐकणारा स्वतःचा निष्कर्ष काढू शकतो, आणि तो आपल्याहून वेगळाही असू शकतो. ज्या मतातून ऐकणाऱ्याला त्या मताच्या विरुद्ध जाण्यापुरते साहित्य मिळते, ते मत प्रामाणिक. ‘कादंबरी फसलेली आहे’ या वाक्यातून असे काही मिळत नाही. ‘निवेदक सगळ्या पात्रांच्या मनातले स्वतःच सांगून टाकतो, म्हणून मला पात्रे दिसली नाहीत’ या वाक्यातून मिळते. असा निवेदक ज्याला आवडतो तो ते पुस्तक मिळवून वाचेल.

५

आतापर्यंतचे विवेचन अमूर्त राहिले. ते एखाद्या ठिकाणी लावून पाहणे आवश्यक आहे. भोर तालुक्यातील कामथडी हे पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गालगतचे गाव घेऊ. नसरापूर आणि कापूरहोळ यांच्या आसपासचे हे गाव पुण्याला जवळही आहे आणि लांबही. माणसे नोकरीसाठी, शिक्षणासाठी तेथून पुण्याला जाऊ शकतात. अप्पा बळवंत चौकातले नवे पुस्तक मात्र तेथे आपोआप येत नाही. लोकहितवादींच्या पुढाकाराने पुण्यात १८४८ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय स्थापन झाले. महाराष्ट्रात ग्रंथालयांना श्रेणीनुसार अनुदान देणारा कायदा आला तो १९६७ मध्ये. शहर आणि खेडे यांच्या वाचनव्यवहारातील अंतर किलोमीटरांत मोजता येत नाही, ते असे मोजावे लागते.

समजा, कामथडीतील एक विद्यार्थिनी पुण्यात मराठी विषय घेऊन एम.ए. करते आहे. विभागाच्या ग्रंथालयातून आणलेली एक नवी कादंबरी तिने दोन दिवसांत वाचून काढली. त्या कादंबरीविषयी ती तीन माणसांशी बोलते.

पहिली तिची वर्गमैत्रीण. तिच्याशी बोलताना ही विद्यार्थिनी फटकळ होऊ शकते, घाईने मत देऊ शकते, अतिशयोक्ती करू शकते. कारण मैत्रीण उद्या तेच पुस्तक ग्रंथालयातून घेईल आणि येऊन तिला खोटे पाडील. येथे साक्षीची तपासणी पुस्तकच करते.

दुसरी तिची आजी. आजी ती कादंबरी वाचणार नाही. कदाचित वाचू शकणारही नाही. पण आजीला पुस्तकाविषयी ऐकण्याची एक जुनी सवय आहे. श्रावणात देवळात किंवा कोणाच्या ओसरीवर पोथी लावायची, एकाने ओवी वाचायची, दुसऱ्याने अर्थ सांगायचा, ही रीत महाराष्ट्राच्या खेड्यांत दीर्घकाळ चालत आली. श्रीधराचे ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ हे अठराव्या शतकाच्या आरंभीचे ग्रंथ निरक्षर श्रोत्यांपर्यंत याच वाटेने पोहोचले. अर्थ सांगणाऱ्याची जबाबदारी तेथे सर्वांना ठाऊक असे. तो ओवीच्या बाहेर जाऊन दृष्टान्त देऊ शकत असे, पण ओवी वाचली गेल्यानंतरच. मूळ शब्द आधी सर्वांच्या कानांवर पडे आणि मग अभिप्राय. आजी नातीला म्हणेल, ‘तुला आवडलं नाही ते राहू दे गं, त्यात आहे काय ते आधी सांग.’ सौंदर्यशास्त्राच्या कोणत्याही अभ्यासकाने दिला असता तितकाच हा नेमका आदेश आहे. आजीपुढे मत म्हणजे पुस्तकाची जागा घेणारी गोष्ट आहे. ती चुकीची सांगितली गेली तर दुरुस्त करायला दुसरा मार्ग नाही. ऐकणाऱ्याजवळ तपासण्याचे साधन जितके कमी, तितकी सांगणाऱ्याची जबाबदारी अधिक, असा हा व्यस्त संबंध आहे.

तिसरा माणूस म्हणजे अशाच एखाद्या खेड्यातील छोट्या ग्रंथालयाचा कार्यवाह. त्याच्यापाशी पुस्तकखरेदीसाठी थोडीच रक्कम आहे आणि यादी करायची आहे. तो सहज विचारतो, ‘तुम्ही मराठीच्या विद्यार्थिनी, सध्या काय चांगलं आहे ते सांगा.’ येथे तिच्या एका वाक्याने एक पुस्तक गावात येईल किंवा येणार नाही. जे येणार नाही ते न आवडण्याचीही संधी गावाला मिळणार नाही. आणि ज्यांच्यासाठी ती यादी होणार आहे ते वाचक या संभाषणात हजरच नाहीत. येथे तिला ‘मला आवडले’ एवढ्यावर थांबता येत नाही. मला ज्या कारणासाठी आवडले ते कारण येथल्या वाचकालाही लागू पडेल का, असे तिने स्वतःला विचारले पाहिजे. त्याचबरोबर ‘गावातल्यांना हे झेपणार नाही’ असे परस्पर ठरवून टाकण्याचा मोहही तिने टाळला पाहिजे. वाचकाच्या वतीने पुस्तक नाकारणे हे पुस्तकावरचे मत नसते, वाचकावरचे असते.

एकच पुस्तक, एकच वाचक आणि तिचे एकच आकलन. तरीही तिन्ही ठिकाणी उत्तरदायित्व वेगळे. याचा अर्थ तिने तिघांना तीन वेगवेगळी मते सांगावीत असा नाही. साक्ष एकच राहील. कोणापुढे किती तपशील द्यावा, किती सावध राहावे आणि स्वतःचे स्थान किती स्पष्ट करावे, हे बदलेल.

६

मत आणि सत्ता यांचा संबंध येथे उघडपणे समोर येतो. मराठीत याचे सर्वांत बोलके उदाहरण जोतीराव फुल्यांचे आहे. ‘तृतीय रत्न’ हे नाटक त्यांनी १८५५ मध्ये लिहिले आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते स्वीकारले नाही. समितीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, अशी तक्रार फुल्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त (१८७३) नोंदवली. नाटक छापील रूपात वाचकांपुढे येण्यास शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. समितीचा अभिप्राय हाही नुकतेच वाचलेल्या पुस्तकाविषयीचे काही माणसांचे मतच होता. पण ते मत पुस्तक आणि वाचक यांच्यामध्ये भिंतीसारखे उभे राहिले. एरवी मताला पुस्तक खोटे ठरवू शकते. येथे मतानेच पुस्तकाला ती संधी नाकारली.

पुढे ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेतला. त्यात व्याकरणाच्या आणि भाषेच्या चुकांवरून केलेल्या उपहासाचा भाग ठळक आहे. चिपळूणकरांच्या गद्याची शक्ती कोणी नाकारणार नाही, आणि लेखनातील दोष दाखवणे हा समीक्षकाचा हक्कच आहे. पण वर सांगितलेला निकष लावून पाहावा. या उपहासातून वाचकाला फुल्यांच्या प्रतिपादनाविषयी स्वतंत्र निष्कर्ष काढण्याइतके साहित्य मिळते का? भाषेविषयी मिळते, ज्या दुःखासाठी ती भाषा वापरली गेली त्याविषयी फारसे मिळत नाही. साक्षीदाराने पाहिलेले सांगितले, पण जे पाहण्यासारखे होते त्याकडे पाठ केली.

फुल्यांचे उत्तर १८८५ मधील आहे. १८७८ मध्ये रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात पहिली ग्रंथकारसभा भरली होती. दुसऱ्या सभेच्या वेळी आलेल्या निमंत्रणाला फुल्यांनी पत्राने नकार कळवला. त्या पत्राचा आशय असा की, जे लोक इतरांचे मानवी हक्क व्यवहारात मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभा-पुस्तकांचा मेळ बसत नाही. हे पत्र साहित्यसंमेलनाच्या इतिहासातील एक प्रसंग म्हणून नेहमी उद्धृत होते. प्रस्तुत संदर्भात त्याचे महत्त्व वेगळे आहे. मतांची देवाणघेवाण ज्या सभेत होते तेथे कोणाची साक्ष साक्ष म्हणून धरली जाते, हा प्रश्न त्यात आहे. वात्स्यायनाने आप्तत्वाचे लक्षण सर्वांना सारखे केले होते. प्रत्यक्ष व्यवहाराने ते पुन्हा काहींपुरते राखून ठेवले. ज्याचे मत कधी विचारलेच गेले नाही त्याला ‘तुम्हीही मत द्या’ असे एका सभेपुरते सांगणे पुरेसे नसते, कारण सभेचे नियम, भाषा आणि कसोट्या आधीच ठरलेल्या असतात.

येथून आणखी एक कर्तव्य निघते, आणि ते ऐकणाऱ्याचे आहे. मत सांगणाऱ्याने साक्षीदारासारखे बोलावे, तसे ऐकणाऱ्याने साक्ष नोंदवून घेणाऱ्यासारखे ऐकावे. आजीने ‘पांडवप्रताप’ ऐकून द्रौपदीविषयी काढलेला उद्गार आणि प्राध्यापकाने चर्चासत्रात मांडलेला विचार यांची योग्यता समान आहे असे आधीच ठरवून टाकणे हा भाबडेपणा होईल. पण एकाची नोंद करायची आणि दुसऱ्याची करायचीच नाही, हाही निवाडाच असतो आणि तो साक्ष न ऐकता दिलेला असतो.

७

आता दोन व्यावहारिक अडचणींचा विचार करू. मराठीत त्या वारंवार येतात.

पहिली अडचण भिडेची. मराठीचे वाङ्मयीन जग लहान आहे. ज्याच्या पुस्तकाविषयी बोलायचे तो लेखक कालपरवा भेटलेला असतो, उद्या भेटणार असतो. कधी तो परीक्षक असतो, कधी मार्गदर्शक. अशा वेळी दोन पळवाटा वापरल्या जातात. एक म्हणजे स्तुती, दुसरी म्हणजे मौन. स्तुती निरुपद्रवी समजली जाते, पण ती तशी नसते. कार्यवाहाच्या यादीत एका पुस्तकाची जागा खोट्या स्तुतीने भरली की दुसऱ्या पुस्तकाची जागा जाते. मौनाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. साक्षीदाराला गप्प राहण्याचा हक्क केव्हा असतो? ज्याला कोणी विचारलेले नाही आणि ज्याच्या मौनाने कोणाचे काही अडत नाही, त्याने न बोलणे हा त्याचा खाजगी निर्णय आहे. पण ज्याला विचारले गेले आहे, ज्याच्या मतावर कोणाची निवड अवलंबून आहे, त्याच्या मौनाला अर्थ प्राप्त होतो. ते मौन बहुधा नापसंती म्हणून वाचले जाते, आणि नापसंतीची कारणे न दिल्यामुळे तिला उत्तर देणेही अशक्य होते. अशा मौनापेक्षा ‘लेखक माझ्या परिचयाचे आहेत, हे लक्षात घेऊन माझे म्हणणे ऐका’ असे सांगून बोललेले दोन शब्द बरे.

दुसरी अडचण कठोरपणाची. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त भावकाचे, म्हणजे काव्य ग्रहण करणाऱ्याचे, चार प्रकार सांगितले आहेत. अरोचकी, ज्याला सहसा काहीच रुचत नाही. सतृणाभ्यवहारी, जो गवतासकट सगळे गिळतो. मत्सरी, ज्याला दिसलेला गुणही न दिसल्यासारखा होतो. आणि तत्त्वाभिनिवेशी, जो हजारांत एखादा असतो. हे वर्गीकरण माणसांचे म्हणून वाचले जाते. ते एकाच माणसाच्या अवस्थांचे म्हणूनही वाचता येईल. सकाळी समकालीनाचे पुस्तक हाती आल्यावर आपण मत्सरी असतो, दुपारी गुरूंचे पुस्तक वाचताना सतृणाभ्यवहारी होतो, आणि परीक्षेचे पेपर तपासून थकल्यावर संध्याकाळी अरोचकी. तत्त्वाभिनिवेश ही जन्मजात मिळालेली पदवी नसून प्रत्येक वाचनात नव्याने मिळवायची अवस्था आहे. कठोर मत देण्यापूर्वी आपण यांपैकी कोणत्या अवस्थेत वाचले, एवढे तपासले तरी बरेच अन्याय टळतील. त्यानंतरही मत कठोरच राहिले तर ते तसेच सांगावे. पुस्तकाविषयी खरे सांगणे हा पुस्तकाला गंभीरपणे घेण्याचाच एक प्रकार आहे. लेखकाचा त्याने अपमान होत नाही. अपमान होतो तो न वाचता केलेल्या कौतुकाने.

८

डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा २०१५ पासून महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. पुस्तक वाचा, आणि वाचलेल्या पुस्तकाविषयी बोला, असे या निमित्ताने शाळांतील मुलांना सांगितले जाते. उपक्रम चांगला आहे. परंतु मूल उभे राहून जे बोलते ते बहुधा गोष्टीचा सारांश आणि शेवटी ‘या पुस्तकातून असा बोध मिळतो’ हे वाक्य असते. बोध काय घ्यायचा हे त्याला आधीच ठाऊक असते. पुस्तकाने त्याच्यावर काय केले हे त्याला कोणी विचारलेले नसते. ‘कोणत्या पानावर कंटाळलास?’, ‘कोणावर राग आला?’, ‘कोणते कळले नाही?’ हे प्रश्न मूल्यमापनाच्या दृष्टीने गौण वाटतात. पण साक्ष द्यायला शिकवणारे प्रश्न हेच आहेत. ते दहाव्या वर्षी विचारले गेले नाहीत तर बाविसाव्या वर्षी एम.ए.च्या वर्गात उसनी मते ठामपणे मांडणारा विद्यार्थी आपल्यासमोर बसलेला असतो, आणि त्याबद्दल केवळ त्याला दोष देणे योग्य होणार नाही.

तात्पर्य, नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाविषयी मत सांगणे ही समीक्षेची दुय्यम, बाळबोध पायरी नाही. समीक्षेचा सगळा डोलारा अखेर कोणीतरी प्रत्यक्ष वाचून दिलेल्या साक्षीवर उभा असतो. सिद्धान्त कितीही उंच गेला तरी त्याच्या तळाशी असे एखादे वाचन असावे लागते. ते वाचन खरोखर घडले होते का, वाचणारा कोठे उभा होता आणि त्याने ऐकणाऱ्याला असहमत होण्याची मोकळीक ठेवली का, हे तीन प्रश्न तोंडी अभिप्रायाला विचारायचे आहेत, आणि तितक्याच आग्रहाने ते शंभर पानी प्रबंधालाही विचारायचे आहेत. कामथडीतील विद्यार्थिनी कार्यवाहाला जे उत्तर देईल त्याने एका कपाटातील एक पुस्तक ठरेल. आपल्यापैकी अनेकांच्या उत्तरांनी अभ्यासक्रम ठरतात, पुरस्कार ठरतात, आणि पुढच्या पिढीने काय वाचायचे हे ठरते. तिच्याकडून आपण जेवढ्या सचोटीची अपेक्षा धरतो, तेवढी तरी आपल्याकडूनही धरली जावी.